मराठी संख्यावाचक शब्द, दशमान ठोकळे आणि स्थानिक किमतीचे अध्यापन

‘त्रेसष्ट’ हा शब्द ऐकून दुसरीतील मूल ३६ असे लिहिते, तेव्हा त्याचे गणित कच्चे आहे असा निर्णय देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः त्या मुलाने ऐकलेला शब्द प्रामाणिकपणे उतरवून घेतलेला असतो. शब्दात तीन अगोदर येतात आणि साठ मागून. त्याने तीन अगोदर लिहिले. चूक झाली हे खरे, परंतु ती गणिताची की भाषेची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दशमान ठोकळ्यांच्या साहाय्याने स्थानिक किंमत शिकविण्याची जी पद्धती आहे, तिचा विचार शिक्षणशास्त्राच्या बाजूने पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या बाजूने, आणि तोही मराठी भाषेच्या बाजूने करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत एक ते शंभर या संख्यांची नावे मुलास जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. ‘सहा’ या एका अंकाचेच उदाहरण घ्या : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. एकच सहा येथे सो-, सव्-, छ-, सेहे-, सहा-, शहा- अशी रूपे घेतो. संस्कृत ‘षट्’ पासून निघालेल्या या वाटा भाषेच्या इतिहासकारास सुबोध आहेत. सात वर्षांच्या मुलास त्या कोठून असणार? दशकांचीही तीच गत. ‘पन्नास’ हा शब्द ‘बावन्न’ मध्ये ‘-वन्न’ होतो, कारण दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘प’ चा प्राकृतात ‘व’ झाला; परंतु चतुष्पञ्चाशत् आणि षट्पञ्चाशत् यांत ‘प’ जोडाक्षरात असल्यामुळे तो टिकला, आणि म्हणून चोपन्न व छप्पन्न. ‘सत्तर’ मधील ‘स’ चा ‘बाहत्तर’ मध्ये ‘ह’ होतो. ‘दोन’ तर संयुक्त संख्यांत कोठेच ऐकू येत नाही. तेथे बा-, बे-, ब्या- यांचे राज्य आहे. सुदैवाने पाढा ‘बे एके बे’ असा सुरू होत असल्याने हा ‘बे’ मुलाच्या कानावरून गेलेला असतो. मात्र पाढ्यातला बे आणि बेचाळीसमधला बे एकच, हे त्यास कोणी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

याहून अवघड प्रकरण ‘एकोण-’ चे आहे. एकोणतीस या शब्दात तीस स्पष्ट ऐकू येतात आणि लिहिताना मात्र आरंभी २ लिहावयाचा असतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकीची रचना मराठीने निष्ठेने सांभाळली आहे. हिंदीने ८९ ला ‘नवासी’ म्हणून ती एके ठिकाणी सोडली. मराठीने तेथेही ‘एकोणनव्वद’ च ठेवले. नव्व्याण्णवला मात्र आपणही संस्कृत ‘नवनवति’ च्या वळणाने गेलो आणि ‘एकोणशंभर’ म्हणावयाचे टाळले. तात्पर्य, मराठी मुलास तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात : एकक अगोदर बोलण्याचा क्रम, झिजून ओळख हरवलेली रूपे, आणि दर दहांत एकदा येणारी वजाबाकी.

पहिली अडचण एकट्या मराठीची नव्हे. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ असेच म्हणतात. सन २००९ मध्ये झुबर, पिक्सनर, मोएलर व न्यूर्क यांनी ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या श्रुतलेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलांच्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी संबंधित आढळल्या. याउलट चिनी, जपानी व कोरियन भाषांत एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’. आयरीन मियुरा यांनी १९८७ पासूनच्या आपल्या लेखांत असे दाखविले की, या भाषा बोलणारी पहिलीची मुले एखादी संख्या ठोकळ्यांनी दाखविताना आपण होऊन दहाच्या दांड्या उचलतात, तर इंग्रजी बोलणारी अमेरिकन मुले बहुधा सुटे ठोकळेच मोजीत बसतात. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हा निष्कर्ष फार मोहक वाटतो. भाषा विचारास वळण लावते, या मताला इतका हातात धरता येण्याजोगा पुरावा क्वचितच मिळतो. म्हणूनच तो सावधपणे घ्यावा. सॅक्स्टन व टाउस यांनी १९९८ मध्ये दाखविले की, ठोकळ्यांचा उपयोग कसा करावयाचा याचे आरंभी थोडे दिग्दर्शन केले, म्हणजे इंग्रजी व जपानी मुलांतील हा फरक बराच कमी होतो. मला स्वतःला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. भाषेने निर्माण केलेली अडचण दाखवून देण्याने, एखाद्या दांडीच्या स्पर्शाने, ओलांडता येते, असा त्याचा अर्थ आहे. सोलापूर-सांगलीकडील जी मुले घरी कन्नड बोलतात व शाळेत मराठी, त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचा अभ्यास होणे अगत्याचे आहे. कारण कन्नडात ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक, दशक अगोदर व एकक मागून. एकाच मुलाच्या डोक्यात दोन्ही क्रम नांदत असतात.

आता ठोकळ्यांविषयी. दहाची कल्पना हाताला देण्याचा प्रयत्न जुनाच आहे. मारिया मॉन्टेसरी यांच्या साधनांत सोनेरी मण्यांचा संच होता : सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभरांचा चौकोन आणि हजारांचा घन. बाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धकाळात येथेच राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे बालवाडी चालविताना महाग साधनांचा हव्यास सोडून बिया, शंख-शिंपले, पाने यांवर काम भागविले. चिंचोके आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हे ठोकळ्यांचेच सोयरे होत. गठ्ठ्याला एक लाभ असा की, तो मुलास स्वतः बांधता व सोडता येतो. आज वर्गात दिसणाऱ्या लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या संचामागे मुख्यतः हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डीन्स (१९१६–२०१४) यांचा विचार आहे. त्यांचे ठोकळे केवळ दहाचे नव्हते. तीनाचे, चाराचे, पाचाचे असे वेगवेगळे संच त्यांनी मुलांपुढे ठेवले. तत्त्व पकडावयाचे असेल तर ते अनेक वेषांत भेटले पाहिजे, ही त्यांची भूमिका. पुढे शाळांनी दहाचा संच ठेवला आणि बाकीचे कपाटात गेले.

एक दांडी म्हणजे दहा सुटे आणि दहा दांड्या म्हणजे एक पाटी, हे मुलास लांबी-रुंदीने पडताळून पाहता येते. दहा रुपयांच्या नोटेत ते दिसत नाही. तेथे दहापण केवळ छापलेले असते. पण ठोकळ्यांची थोरवी गाताना एक मूलभूत गोष्ट आपण विसरतो. ठोकळ्यांत ‘स्थान’ मुळी नाहीच. सहा दांड्या उजवीकडे ठेवा, डावीकडे ठेवा, तीन सुट्यांच्या मध्ये पसरून ठेवा. संख्या त्रेसष्टच राहते. या बाबतीत ठोकळे प्राचीन इजिप्तच्या अंकचिन्हांसारखे आहेत. तेथेही एकासाठी, दहासाठी, शंभरासाठी निराळे चिन्ह असे व ते हवे तितक्या वेळा काढावयाचे. म्हणजे मुलासमोर तीन स्वतंत्र चिन्हव्यवस्था उभ्या असतात. शब्दांत किंमत नावाने कळते आणि क्रम एककापासून असतो. ठोकळ्यांत किंमत आकाराने कळते आणि क्रम नसतोच. लिखित अंकांत किंमत केवळ स्थानाने कळते आणि क्रम दशकापासून असतो. या तिन्हींमध्ये भाषांतर करणे, हेच स्थानिक किंमत शिकण्याचे खरे काम होय.

ही विभागणी ध्यानात घेतली की चुकांचा उगम स्वच्छ दिसू लागतो. ‘एकशे पाच’ हे शब्दावरून लिहिणारे मूल १००५ लिहिते : शंभर लिहिले, त्यापुढे पाच लिहिले. तीच संख्या ठोकळ्यांवरून लिहिणारे मूल १५ लिहिते : एक पाटी, पाच सुटे. दोन्ही वाचने आपापल्या व्यवस्थेत निर्दोष आहेत! शून्याला ठोकळा नाही, आणि शब्दही नाही. ते फक्त लेखनाला लागते. यास्तव नुसते ठोकळे देऊन भागत नाही. खाली तीन घरे आखलेला पुठ्ठा हवा. दशकाचे घर रिकामे राहिलेले मुलास दिसले, म्हणजे त्या रिकामेपणासाठी चिन्ह लागते हे त्याला पटते. पूर्वीची मुले ‘एकं, दहं, शतं’ असे म्हणत उजवीकडून डावीकडे घरे मोजीत, ती पाठांतराची रीत म्हणून आपण टाकून दिली. पण तीत घरांचा उच्चार होता, हे विसरून चालणार नाही.

ठोकळा हीसुद्धा एक खूण आहे, हा मुद्दा उटल, स्कडर व डिलोश यांनी १९९७ मध्ये मांडला. लहान मुलास एकाच वस्तूकडे वस्तू म्हणून आणि दुसऱ्या कशाची खूण म्हणून, असे दुहेरी पाहणे कठीण जाते. ठोकळा जितका आकर्षक, तितका तो खेळणे अधिक आणि खूण कमी. रंगीबेरंगी संच विकत घेणाऱ्या शाळांनी याचा विचार करावा.

एकदा एका प्राथमिक शाळेत मी वर्ग पाहत बसलो होतो. बाईंनी ‘त्रेसष्ट’ दाखवावयास सांगितले. एका मुलाने तीन दांड्या आणि सहा सुटे मांडले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला मोठ्याने मोजावयास सांगितले. ‘दहा, वीस, तीस, एकतीस, बत्तीस...’ असे करीत तो छत्तीसवर आला आणि थांबला. मग काही न बोलता त्याने तीन सुटे उचलून ठेवले आणि तीन दांड्या आणल्या. त्याची चूक त्याला ठोकळ्यांनी सांगितली, आणि तीही मोजणीच्या शब्दांतून. (आपल्या भाषेत ‘छत्तीसचा आकडा’ ही वैराची खूण झाली ती अंकांच्या चेहऱ्यांवरून, ३ आणि ६ पाठ फिरवून बसतात. ६३ मध्ये तेच समोरासमोर येतात. लिखित अंकांतील स्थानाकडे लोकभाषेने दिलेले लक्ष म्हणून हा वाक्प्रचार मला वर्गात सांगावासा वाटतो.)

शब्दच बदलावेत, असा दुसरा मार्ग आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जून २०१९ मध्ये याच प्रश्नावर मोठे वादळ उठले व ते विधिमंडळापर्यंत गेले. एकवीस, बावीस या रूपांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन त्यात दिले होते. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) यांनी जोडाक्षरांची अडचण व उलटा क्रम ही कारणे पुढे केली, आणि ती खरीच आहेत. नॉर्वेने १९५१ साली अधिकृतपणे असा बदल केला. तेथील बोलण्यात जुनी रूपे अद्याप ऐकू येतात, आणि व्यवहार थांबलेला नाही. तेव्हा चेष्टेने उडवून लावण्याजोगी ही सूचना नव्हती. माझी हरकत व्याकरणाची आहे. मराठीत ‘वीसएक माणसे आली’ याचा अर्थ सुमारे वीस असा होतो. दहाएक, पन्नासेक, शंभरेक ही रूपे नित्याची आहेत. नेमकेपणा शिकविण्यासाठी जी रचना निवडली, तिच्या पहिल्याच पायरीवर अंदाजाचा प्रत्यय बसलेला आहे. ‘वीस आणि एक’ असे म्हटले असते तर हा घोटाळा टळता. आणि असे वाचन ठोकळे मांडताना, त्या वेळेपुरते, अवश्य वापरावे : ‘सहा दशक तीन, म्हणजे त्रेसष्ट.’ मुलास बाजारात, घरी, आजीच्या तोंडी त्रेसष्टच ऐकावयाचे आहे. ते त्याच्यापासून काढून घेणे शाळेच्या हाती नाही.

शिवाय आपल्या अवघड शब्दांत ठोकळ्यांना देण्यासारखे काही आहे. एकोणतीस घ्या. तीन दांड्या मांडा. आता एक कमी करावयाचा आहे, पण सुटा एकही नाही. मग एक दांडी देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, आणि त्यातला एक काढला की दोन दांड्या व नऊ सुटे उरतात. वजाबाकीत दशक सुटा करण्याची जी क्रिया मुलांना पुढे वर्षभर छळते, ती या एका शब्दात तयार आहे. वाण्याकडे नोट मोडून सुटे घेणाऱ्या मुलास ती अपरिचितही नाही.

तीच गोष्ट सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे यांची. ही नावे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाहीत, कारण ती दशमान लेखनाशी जुळत नाहीत असे समजले जाते. शंभरांची पाटी समोर ठेवून तिचे दोन्हीकडून मधोमध भाग केले, तर प्रत्येक भागात पाच ओळी व प्रत्येक ओळीत पाच चौकोन येतात, म्हणजे पंचवीस. एक पाटी आणि असा एक भाग म्हणजे सव्वाशे. दोन पाट्यांतून असा एक भाग झाकला की पावणेदोनशे. मूल उरलेले चौकोन दांड्या-सुट्यांनी भरून मोजते आणि १७५ लिहिते. भाजीवाल्याकडे ऐकलेला शब्द आणि पाटीवरचा आकडा त्याच्यापुढे पहिल्यांदाच शेजारी शेजारी आलेले असतात.