विरोळा: फणा काढल्याचं सोंग करणारा साप

आज आपल्या मंद्रूप भागातल्या विरोळ्याबद्दल बोलू. कुणी याला पाणदिवडही म्हणतं. एकीकडे सीना, दुसरीकडे भीमा, आणि पुढे हत्तरसंग कुडलला दोघींचा संगम. मधे ओढे, विहिरी, उसाचे पाट. मासे आणि बेडूक जिथे, तिथे विरोळा. याचं शास्त्रीय नावच फाउलिया पिस्केटर. पिस्केटर म्हणजे मासेमार. जर्मन अभ्यासक श्नायडरने 1799 मध्ये दिलेलं हे नाव अगदी चपखल बसलंय!

अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. डोळ्याच्या खालून आणि मागून तिरप्या जाणाऱ्या दोन काळ्या रेघा. खवल्यांवर बारीक उभा कणा असतो, म्हणून अंग खरखरीत लागतं.

विरोळा बिनविषारी आहे, तरी मार खातो. का? कोंडीत सापडला की हा पुढचं अंग उचलतो, मान चपटी करतो आणि फूत्कारतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नागच! मग काठी येते. म्हणजे जे सोंग त्याला घारी-बगळ्यांपासून वाचवत असेल, तेच माणसापुढे त्याच्या जिवावर उठतं.

आणि हा गरीब स्वभावाचा नाही बरं का. पकडलात तर कडकडून चावतो, रक्तही येतं. शेपटी धरली तर कधीकधी ती तोडून पळतो. पण पालीसारखी नवी शेपटी याला येत नाही.

मादी पाण्याजवळच्या बिळात कित्येक डझन अंडी घालते आणि त्यांच्यापाशी थांबते. सापांमध्ये हे फार कमी दिसतं. पिल्लं सुरुवातीला बेडूकमाशांवर जगतात.

उन्हाळ्यात ओढे आटले की उरलेल्या डबक्यात मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे विरोळेही. माणसाची गाठ पडते ती तेव्हाच. दिसला तर लांब थांबा, वाट मोकळी ठेवा, तो पाण्यात निघून जाईल. मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

चावलाच, आणि साप कोणता याची जराही शंका असेल, तर ‘विरोळाच असेल’ म्हणून घरी बसू नका. जखम बांधू नका, कापू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.

मासेमारी करणाऱ्यांनो, एक विनंती. विरोळा पाण्यात राहतो, पण श्वास हवेतूनच घेतो. जाळं रात्रभर बुडवून ठेवलं की तो आत गुदमरून मरतो. अधूनमधून जाळं वर काढून बघा. अडकलेला जिवंत असेल तर हात घालू नका, सर्पमित्राला फोन करा.