रायडिंग मोअर सुरू होत नाहीये? नवीन घेण्याआधी एवढं तपासा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय भारतातल्या श्रोत्यांना जरा गमतीशीर वाटेल. रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. मी राहतो ओहायोत. इथे एप्रिल लागला की गवत असं काही वाढतं की शनिवारी कापलं तरी पुढच्या शनिवारी घोट्यापर्यंत. गवत फार वाढवलं तर बऱ्याच गावांत नोटीस येते, दंडही होतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात, थंडीभर गॅरेजमध्ये झोपलेलं यंत्र किल्ली फिरवल्यावर ढिम्म हलत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, पण इंजिनाला हात लावला तो इथे घर घेतल्यावर. तरी डिबगिंग ते डिबगिंगच. लक्षण नीट बघायचं, शक्यता अर्ध्यावर आणायच्या, आणि पुरावा नसताना पार्ट बदलायचा नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महाग पडते.

सुरुवातीला एक नियम. डेकखाली किंवा पात्याजवळ हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात, पार्किंग ब्रेक लावलेला आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वायरी. आणि इंजिन चालू करून बघायचं ते गॅरेजच्या बाहेर. दार उघडं असलं तरी आत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

किल्ली फिरवली, पुढे काय ऐकू आलं?

निदानाची सुरुवात कानापासून होते. चार शक्यता आहेत.

एक, काहीच आवाज नाही. आधी बघा, ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलंय का, पात्याचा स्विच बंद आहे का, तुम्ही सीटवर नीट बसलाय का. या तिन्हींना सेफ्टी स्विच असतात आणि एकानेही नकार दिला तर स्टार्टरला करंट जात नाही. हे सगळं ठीक असेल तर फ्यूज बघा. तोही बरा असेल तर स्विचच्या वायरी. उंदरांना हिवाळ्यात वायर कुरतडायला फार आवडतं.

दोन, टकटकटकटक असा भराभर आवाज. ही बहुतेक वेळा बॅटरी. साधा मल्टीमीटर लावा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. मीटर लावलेला असतानाच कुणालातरी किल्ली फिरवायला सांगा. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. बॅटरी बदलण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर तारेच्या ब्रशने घासा. फ्रेमला जिथे काळी वायर बोल्टने बसवलेली असते तिथलाही गंज काढा.

तीन, एकच 'टक', मग शांतता. बॅटरी आणि जोडण्या चांगल्या असतील तर संशय सोलेनॉइडवर. ही हाताच्या मुठीत मावेल एवढी वस्तू असते. बॅटरीची जाड लाल वायर धरून गेलात की सापडते. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि लाल सुई सोलेनॉइडच्या त्या जाड टर्मिनलवर, जिथून वायर स्टार्टरकडे जाते. किल्ली स्टार्टवर धरल्यावर तिथे बॅटरीएवढा व्होल्टेज आला आणि तरी स्टार्टर फिरला नाही, तर दोष स्टार्टरचा. टक झालं पण तिथे काहीच आलं नाही, तर सोलेनॉइड. आमच्या भाषेत बायनरी सर्च. सोलेनॉइड स्वस्त असतो आणि दोन-तीन नटांचं काम आहे. बदलताना आधी बॅटरीची मायनस वायर काढायची.

चार, इंजिन अर्धा फेरा फिरतं, 'हुंफ' करतं आणि अडकतं. जोर कमी पडतोय असं वाटतं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोकांचे पैसे जातात.

'इंजिन गेलं' म्हणण्याआधी

माझ्या एका मित्राच्या मोअरचं हेच झालं. नवी बॅटरी घातली, स्टार्टर बदलला, तरी तेच. दुकानात सांगितलं, इंजिन संपलं, नवीन यंत्र घ्या. नवीन म्हणजे दोन-अडीच हजार डॉलर.

सिलिंडरमधली दाबलेली हवा ढकलायला खूप ताकद लागते. छोट्या स्टार्टरला ती झेपत नाही. म्हणून यातल्या बहुतेक इंजिनांच्या कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते. इंजिन हळू फिरत असताना ती व्हॉल्व्हला किंचित उचलून धरते, थोडी हवा निसटते आणि स्टार्टरचं काम हलकं होतं. वेग वाढला की ही सोय आपोआप बाजूला होते. पण हे उचलणं अगदी केसभर असतं. काही वर्षांत झीज होऊन व्हॉल्व्हची फट वाढली, की ते केसभर उचलणं त्या फटीतच विरून जातं. व्हॉल्व्ह हलतच नाही, पूर्ण दाब स्टार्टरच्या अंगावर येतो आणि तो अडकतो. इंजिन धडधाकट असतं, फक्त फट चुकलेली असते.

उपाय म्हणजे इंजिन गार असताना व्हॉल्व्ह कव्हर उघडायचं, पिस्टन दाबाच्या फेरीत सगळ्यात वर आल्यावर त्याच्या किंचित पुढे न्यायचा आणि फीलर गेजने फट मोजून बसवायची. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळाही असू शकतो. मित्राच्या मोअरला आम्हाला दीड तास लागला. खर्च फीलर गेज आणि कव्हरच्या गॅस्केटचा. ते यंत्र अजून चालू आहे.

इंजिन फिरतं, पण पेटत नाही

आता तीनच प्रश्न. पेट्रोल, ठिणगी, हवा.

इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. महिन्याभरात ते जुनं व्हायला लागतं, हिवाळाभर राहिलं तर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. जुनं काढा, ताजं भरा. फिल्टर बदला, त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. बऱ्याच कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक इलेक्ट्रिक झडप असते. किल्ली ऑन केली की तिथून बारीक 'टक' यायला हवी. नाही आली तर तिची वायर तपासा. थंडीला ठेवताना स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवलं, की ही कटकट बरीच टळते.

ठिणगीसाठी स्वस्तातला स्पार्क टेस्टर पुरतो. हवेसाठी एअर फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

वीस मिनिटं छान चालून मग बंद पडतंय? लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. 'सुऽऽ' करून हवा आत गेली आणि मोअर परत सुरू झाला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. तसं नसेल तर इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासा. तापल्यावर दगा देणारी कॉइल गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते.

चालतो, पण गवत वेडंवाकडं कापतो

डेकला हात लावण्याआधी टायरची हवा. एका बाजूची हवा कमी म्हणजे डेक तिकडे झुकणार. मग पाती. गवताची टोकं फाटून पांढरी पडलेली दिसली तर पाती बोथट आहेत. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा. एक बाजू खाली गेली तर तिकडून थोडं घासा, नाहीतर थरथरीने बेअरिंग जातात. बसवताना वळलेला, पंखासारखा भाग वर, डेकच्या दिशेने. दाट गवतात पाती मंदावत असतील तर बेल्ट बघा, झिजलेला किंवा चकाकणारा बेल्ट घसरतो. डेकची लेव्हल सगळ्यात शेवटी.

इंजिन चालू आहे पण गाडी जागची हलत नाही? हायड्रोस्टॅटिक गाड्यांना मागे ढकलण्यासाठी एक दांडी असते. ती ओढलेली राहिली तर गिअर लागतच नाही. पाच सेकंदांत दुरुस्ती!

आणि एक गोष्ट करू नका

सीटचा स्विच बिघडला की इंटरनेटवर हमखास सल्ला मिळतो, वायरी जोडून टाका. करू नका. मंडळी, तो स्विच तुम्ही पडल्यावर पाती थांबवतो. रिव्हर्सला पाती चालू असली की इंजिन बंद करणारी सोयही तशीच. मागे कुणाचं लहान मूल आलं तर ड्रायव्हरला दिसत नाही. नवा स्विच थोडक्या पैशांत मिळतो. मुलांना मांडीवर घेऊन फेरी मारणं तर अजिबात नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी रायडिंग मोअर चालवू नये, आणि प्रवासी म्हणून तर कुणीच बसू नये. उतारावर सरळ वर-खाली जा, आडवं नको. आणि १५ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तर तिथे हा मोअर नेऊच नका.

तर या शनिवारी मल्टीमीटर शोधून ठेवा, किल्ली फिरवा आणि आधी नीट ऐका. तुमच्या मोअरने कुठला आवाज काढला ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!