'गेट' ह्या क्रियापदाचा उपयोग

इंग्रजीतील 'गेट' म्हणजे केवळ 'मिळणे' असे समजून आमचे पुष्कळ विद्यार्थी भाषांतरात फसतात. वस्तुतः ह्या क्रियापदाचा अर्थ बहुधा पुढील शब्दावरून ठरतो. पुढे नाम आल्यास 'मिळणे': 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळाले. विशेषण आल्यास 'होणे': 'इट गॉट डार्क', अंधार झाला. स्थलवाचक शब्द आल्यास 'पोहोचणे': 'वुई गॉट होम', आम्ही घरी पोहोचलो. 'आय हॅव गॉट अ ब्रदर' ह्याचा अर्थ मात्र 'मला भाऊ आहे' एवढाच. हे क्रियापद घरगुती संभाषणात शोभते; अर्जात 'रिसीव्ह' किंवा 'बिकम' योजावे, असे आम्ही सुचवितो. अनोळखी वाचणारा आपली पारख शब्दांवरूनच करितो, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानी ठेवावे.