शाळेतील गांडूळखत आणि मे महिन्याची सुट्टी

शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली तेव्हा विद्यार्थ्यांना तांदूळ घरी दिला जात असे. पुढे शिजविलेले अन्न शाळेतच मिळू लागले आणि भाज्यांची देठे, साली व खरकटे यांचा प्रश्न शाळेच्या आवारात आला. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांना गांडूळखत हा त्यावरील सुलभ उपाय होय. मात्र खिचडीतील मीठ, तेल व तिखट गांडुळांना मानवत नाही. यास्तव खरकटे वेगळे ठेवावे. देठे व साली पालापाचोळा आणि शेणात पंधरा-वीस दिवस कुजवूनच खड्ड्यात टाकाव्यात. ताजे शेण तापते व त्यात गांडुळे मरतात.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. खतासाठी वापरले जाणारे आयसेनिया फेटिडा हे गांडूळ वरच्या थरातच राहते. शेतातील देशी गांडुळाप्रमाणे ते उन्हाळ्यात खोल मातीत उतरत नाही. खड्डा ३५ अंशांपुढे तापला की ते तग धरीत नाही, आणि या भागात पारा चाळिशी सहज ओलांडतो. नेमकी तेव्हाच शाळा बंद, चूल बंद आणि पाणी घालणारे कोणी नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात रिकाम्या शाळेतील खड्डा भिजविण्यास कोण जाणार?

यासाठी सुट्टीपूर्वीच खत काढून परसबागेस द्यावे. टोपलीभर गांडुळे जुन्या शेणखतासह, ओल्या गोणपाटाखाली, जवळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात सावलीला ठेवावीत. जबाबदारी कोणाची, हे शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलच्या बैठकीतच ठरवावे. गोणपाट ओले राहण्यास थोडेसेच पाणी लागते. जूनमध्ये त्याच टोपलीवर खड्डा पुन्हा सुरू होतो.