घर खरेदीपूर्वी तपासणी का हवी?

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे सांगत. तयार घर विकत घेण्याविषयी त्या म्हणीत काही नाही. कारण पूर्वी घर वारशाने मिळे किंवा गवंड्यासमोर उभे राहून बांधले जाई. आज बेळगाव, निपाणी परिसरात दुसऱ्याने बांधलेले घर घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात नोकरी करणारी आणि गावाकडे घर असावे म्हणून आयुष्याची बचत गुंतवणारी कुटुंबेही त्यांत आहेत. व्यवहार ठरवताना दर, रस्ता आणि वास्तुशास्त्र यांची चर्चा होते. भिंतीच्या आत काय आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

हे विचारणे का आवश्यक आहे, याचे दुःखद उत्तर ६ ऑक्टोबर २०२१ रोजी मिळाले. बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेली जुन्या घराची भिंत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. तो प्रसंग खरेदी-विक्रीचा नव्हता. परंतु मुरलेले पाणी भिंतीचे काय करते, हे त्याने दाखवून दिले.

तपासणी म्हणजे जाणकार स्थापत्य अभियंत्याने घराचा पायापासून छपरापर्यंत घेतलेला शोध. अमेरिकेत खरेदीच्या करारातच तशी अट घालण्याची प्रथा आहे. आपल्याकडे अशा निरीक्षकासाठी स्वतंत्र शासकीय परवाना नाही. म्हणून व्यवहाराशी संबंध नसलेला अभियंता खरेदीदाराने स्वतः निवडावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यमापक येऊन गेला, म्हणजे घर तपासले गेले असे नव्हे. मालमत्ता विकल्यास कर्ज वसूल होईल का, हे तो प्रामुख्याने पाहतो. न्हाणीघराची गळती हा त्याचा विषय नसतो.

या भागात तपासणीची सुरुवात जमिनीपासून होते. पश्चिमेकडे तांबडी, जांभ्याची जमीन. तर निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नसेल तर खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. गिलाव्याची केसासारखी बारीक भेग सहसा निरुपद्रवी असते. विटांतून आरपार गेलेली, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग धोक्याची. ती अजून वाढते आहे का, हे ओळखण्यासाठी भेगेवर आडवी काचेची पट्टी पक्की बसवितात. भिंत हलली की काच तडकते.

दुसरा विषय पाण्याचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ थेट राष्ट्रीय महामार्गावर आले होते. बेळगाव शहरात बळ्ळारी नाल्याच्या परिसराचा अनुभव शेतकऱ्यांना विचारावा. म्हणून घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. शेजाऱ्यांना २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, असे स्पष्ट विचारावे. केवळ एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्याखाली ओल लपविलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी.

जुन्या घरांत दगड-मातीच्या भिंती, मंगळुरी कौले आणि लाकडी वासे असतात. वाशाचे भिंतीत शिरणारे टोक आधी कुजते. तेथे टोकदार सळई सहज रुतली, तर लाकूड पोकळ झाले असे समजावे. स्लॅबच्या घरात पोपडे सुटून गंजलेल्या सळया दिसतात का, हे पाहावे. काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज रिबाउंड हॅमरने घेता येतो. विजेचे अर्थिंग, गळती-संरक्षक स्विच, शौचटाकी आणि विहिरीतील अंतर हेही अहवालात यावे. छायाचित्रांसह लेखी अहवाल आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज, या दोन गोष्टींचा आग्रह धरावा.

अभियंता भिंत तपासतो. मालकी तपासणे हे वकिलाचे काम. ऋणभार प्रमाणपत्र, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि ई-खाता ही कागदपत्रे पाहावीत. ई-खाता ‘अ’ की ‘ब’, हा प्रश्न विसरू नये. आराखड्याला मंजुरी नसलेल्या मालमत्ता ‘ब’ गटात येतात. सीमाभागातील मराठी माणसाची अडचण अशी, की हे कागद कन्नडमध्ये असतात. एजंटाने तोंडी सांगितलेल्या अर्थावर सही करू नये. विश्वासू जाणकाराकडून प्रत्येक ओळ समजून घ्यावी.

विक्रेत्यानेही तपासणीला घाबरू नये. खरेदीदाराला सामान्य काळजीने न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. आधीच तपासणी करून किरकोळ दुरुस्ती केली, तर भावाची घासाघीस कमी होते आणि नंतरचा वादही टळतो. नव्या प्रकल्पांना रेरा कायद्याचे संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुन्या घराला असे कवच नाही.

तेव्हा विसार देण्यापूर्वीच तपासणी करावी. विसार दिल्यावर सापडलेला दोष बहुधा आपलाच होतो. दोष आढळला म्हणून घर सोडलेच पाहिजे, असे नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून व्यवहार होऊ शकतो. निर्णय मात्र डोळसपणे झालेला असतो.