माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही

वैशाख तोंडावर आला की फैजपूर, सावदा, यावल, रावेर या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा लागतात. लाल, काळे, तोटीचे, बिनतोटीचे, फुलापानांनी रंगवलेले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरी त्यांच्या शेजारीच मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक माठ उचलते, बोटाच्या पेराने टकटक वाजवते, आवाज खणखणीत आला की भेग नाही याची खात्री पटते आणि घासाघीस सुरू होते. या घासाघिशीत कोणीतरी ते वाक्य बोलतेच : "अहो, माठ म्हणजे नैसर्गिक फिल्टर. माती सगळी घाण ओढून घेते."

हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, मोबाइलवरच्या संदेशांत फिरते, शिकलेली माणसेही ते छातीठोकपणे सांगतात. आणि ते चूक आहे. थोडे इकडेतिकडे झाले असे नाही, मुळातच चूक आहे. गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर हे आजार पाण्यातून पसरतात, आणि 'माठात ओतले आहे ना, मग झाले' असे म्हणून पाणी न उकळता, क्लोरीन न टाकता लहान मुलांना पाजले जाते. म्हणून याचा निकाल एकदाचा लावायला हवा.

त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. भरलेल्या माठाकडे पाच मिनिटे नीट पाहिले तरी पुरे. माठाची भिंत बाहेरून ओलसर असते, कारण आतले पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरत बाहेर येते. बाहेर आले की ते हवेत उडून जाते. आता प्रश्न एवढाच : आपण पितो ते पाणी कोणते? ओगराळे बुडवून किंवा तोटी सोडून आपण आतले पाणी घेतो, म्हणजे जे भिंतीतून गेलेच नाही ते. जे पाणी मातीतून 'गाळले' गेले, ते तर केव्हाच हवेत उडाले. गाळण्याच्या वरचे पाणी पिऊन 'मी गाळलेले पाणी प्यायलो' असे कोणी म्हणत नाही. माठाच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हटले जाते.

यावर एक ठरलेले उत्तर येते : मातीचे फिल्टर जगभर वापरतात, मग ते काय खोटे? ते खरेच आहेत. 1981 साली ग्वाटेमालात फर्नांदो माझारिएगोस यांनी कुंभाराला बनवता येईल असा मातीचा फिल्टर तयार केला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला. त्याची रचना पाहिली की फरक लगेच कळतो. मातीत भुसा किंवा तूस मळून भांडे घडवतात. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी अतिशय बारीक छिद्रे उरतात. त्यावर चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप देतात. मग हे भांडे दुसऱ्या मोठ्या भांड्यात टांगतात, वरून पाणी ओततात आणि झिरपून खालच्या भांड्यात जमलेले पाणी तोटीने पितात. तिथे भिंतीपलीकडचे पाणी पितात, माठात अलीकडचे. माती दोन्हीकडे आहे म्हणून काम एकच होत नाही.

दुसरा पुरावा म्हणून माठाच्या बाहेरचा पांढरा थर दाखवला जातो. वापरात येऊन काही आठवडे झाले की माठाच्या पोटावर आणि बुडाशी खडूसारखी खपली धरते. नखाने खरवडली तर पिठी निघते. "बघा, माठाने क्षार बाहेर फेकले, पाणी हलके झाले," असे म्हणत ती अभिमानाने दाखवली जाते. पाझरणारे पाणी आपल्यातले क्षार सोबत घेऊन बाहेर येते, पृष्ठभागावर पाणी उडते आणि क्षार तिथेच राहतात, एवढाच त्या खपलीचा अर्थ. आत उरलेल्या पाण्यात दर लिटरमागे क्षार होते तेवढेच राहतात. उलट ही खपली छिद्रे बुजवते. म्हणूनच गेल्या वर्षीचा माठ यंदा तितका गार करत नाही आणि घरोघरी दर उन्हाळ्याला नवा माठ येतो.

मग माठ करतो काय? तो पाणी गार करतो, आणि ते काम अप्रतिम करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला एक कॅलरी पुरते. भिंतीवरचे पाणी उडताना ही उष्णता माठातूनच घेते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायचे तर हिशेबाने पावणेदोनशे ग्रॅम पाणी, म्हणजे पेलाभर, उडाले की झाले. बाहेरची झळ सतत आत शिरत असल्याने प्रत्यक्षात जास्त लागते, पण वीज लागत नाही.

याला मर्यादाही आहे आणि ती हवा ठरवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 43 ते 45 अंशांवर जातो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते. 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता धरली तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त 23 अंशांच्या आसपास उतरू शकते. चांगला माठ त्या मर्यादेच्या थोडा वरच राहतो, पण वीस अंशांच्या जवळ जाणारा हा फरक काही लहान नाही. तोच माठ मुंबईच्या मुलाकडे नेला की "कुंभाराने फसवले" अशी तक्रार येते. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादाच 28 अंशांवर असते. दोष कुंभाराचा नसतो, दमट हवेत पाणीच उडत नाही. फैजपुरातही पाऊस सुरू झाला की माठ मलूल होतो, तो याच कारणाने.

खरे तर आपल्या भाषेने या भांड्यांची कामे केव्हाच वाटून दिली आहेत. पाणी साठवायला रांजण, कमरेवर वाहायला घागर आणि कळशी, पिण्याचे पाणी गार ठेवायला माठ आणि अरुंद गळ्याची सुरई, विरजणाला गाडगे-मडके, संक्रांतीला सुगड. घागर मातीची असते, तांब्याची असते, पितळेचीही असते. तिचे नाव आकारावरून आणि कामावरून पडले आहे, धातूवरून नाही. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने भरतात ती घागर मातीची. त्याच खानदेशात मांडे भाजतात ते खापरही मातीचे. एवढ्या मोठ्या यादीत पाणी शुद्ध करण्याचे काम कोणत्याही भांड्याला दिलेले नाही.

ते काम आजी-पणजी वेगळ्या साधनांनी करत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, निवळीची बी भांड्याच्या आतल्या बाजूला उगाळत, पाणी दुहेरी-चौहेरी वस्त्राने गाळत. माठ फिल्टर असता तर हा खटाटोप त्यांनी कशाला केला असता? वस्त्रगाळ करण्याला तर आता भक्कम पुरावाही आहे. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात 65 खेड्यांत अभ्यास केला आणि तो 2003 साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी आढळले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले असतात आणि वापरून मऊ पडलेल्या सुती कापडात ते जीव अडकतात. म्हणजे परंपरेचे श्रेय द्यायचेच तर ते लुगड्याच्या घडीला द्यावे. माठाला ते नको तिथे दिले जाते.

तांब्याचेही श्रेय असेच माठाच्या खाती जमा होते. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली दाखवले, की तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यात मुद्दाम सोडलेले पटकी आणि जुलाबाचे जंतू जिवंत सापडले नाहीत. तो गुण तांब्याचा. मातीच्या माठात पाणी 16 तास ठेवले तर ते 16 तासांचे शिळे आणि गार पाणी असते, बस्स.

माठात पाणी शुद्ध होत नाही, पण बिघडू मात्र शकते, आणि खरी काळजी इथेच आहे. विकसनशील देशांतल्या 57 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2004 साली प्रसिद्ध झाला. नळावर किंवा विहिरीवर चांगले असलेले पाणी घरी साठवल्यावर अनेकदा दूषित होते, असे त्यात दिसले. कारण काही गूढ नाही. रुंद तोंडाच्या माठात पेला धरलेला हात मनगटापर्यंत जातो. पाहुण्यांचा, पोरांचा, शेतातून आलेल्या माणसाचा. जळगाव जिल्ह्यातल्या अनेक गावांत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवण वाढते आणि हातही वाढतात.

याच संदर्भात कोलकात्याच्या वस्त्यांमधला एक अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 1986 साली छापून आला होता आणि तो प्रत्येक माठप्रेमीने ध्यानात ठेवावा. ज्या घरांत पटकीचा रुग्ण निघाला, त्यांतल्या काही घरांना पाणी साठवायला सुरई दिली. मातीचीच, फक्त गळा अरुंद, हात आत जाणार नाही असा. त्या घरांत पटकीचा संसर्ग जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी झाला. माती तीच होती, बदलले ते फक्त तोंड.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपता येतील.

काळा माठ लाल माठापेक्षा जास्त गार करतो असे नाही. भट्टीत हवा कोंडली आणि धूर धरला की मातीतले लोह काळे पडते, हवा खेळती राहिली की लाल होते. गारवा ठरतो तो छिद्रांवर, भिंतीच्या जाडीवर आणि माठाभोवती वारा लागतो की नाही यावर. तैलरंगाने रंगवलेला माठ दिवाणखान्यात शोभतो, पण रंगाने छिद्रे बुजल्यावर तो गार काय करणार? माठ पाझरतो म्हणून फुटका समजून परत करणारेही असतात. पाझरत नाही तोच परत करावा.

मातीमुळे पाणी अल्कधर्मी होऊन पित्त शमते, हा दावाही तसाच. जठरातले आम्ल इतके तीव्र असते, की माठातल्या पाण्यात होणाऱ्या किंचित फरकाला त्याच्यापुढे काही मोल नाही. मातीच्या भांड्यात शिजवले की 100 टक्के जीवनसत्त्वे टिकतात आणि कुकरमध्ये 13 टक्केच उरतात, हा आकडा तर वर्षानुवर्षे फिरतो आहे. क जीवनसत्त्वासारखी नाजूक जीवनसत्त्वे उष्णतेने, वेळेने आणि ओतून दिलेल्या पाण्याने जातात. भांडे कोणतेही असो, शिजवून 100 टक्के काही उरत नाही.

हे सारे सांगितले की काहींना वाटते, हा कुंभाराच्या पोटावर पाय आहे. तसे मुळीच नाही. डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन याच फैजपुरात भरले आणि त्यासोबत खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही. गावच्या कारागिराच्या वस्तूचा मान या गावाला नव्याने शिकवावा लागत नाही. पण 44 अंशांच्या दुपारी विजेशिवाय पाणी गार करून देणाऱ्या वस्तूला खोट्या गुणांची झूल कशाला हवी? शुद्धतेचा खोटा दावा करून माठ खपवायचा आणि घरात कावीळ आली की माठच बदनाम व्हायचा, यात कुंभाराचेही नुकसानच आहे.

तेव्हा पाणी आधी शुद्ध करावे, मग माठात भरावे. खळखळून उकळी येऊ द्यावी, मिनिटभर तशीच ठेवावी, झाकून निवू द्यावे. उकळणे शक्य नसेल तर आशाताईंकडे मिळणारे मेडिक्लोर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे टाकावे आणि अर्धा तास थांबावे. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडले असले, तरी क्लोरीनचा अंश मातीच्या भांड्यात लवकर ओसरतो, म्हणून त्या भरवशावर पाणी दोन-दोन दिवस ठेवू नये. माठ रोज रिकामा करून काथ्याने आतून-बाहेरून घासावा. साबण लावू नये, तो छिद्रांत शिरतो आणि चव देतो. माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर, तिवईवर ठेवावा. बाजारातून माठ आणाल तेव्हा तोटीचाच आणा. बिनतोटीचा आवडला, तर त्यासोबत नीट बसणारे झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे त्याच दिवशी घ्या, आणि घरातल्या कोणालाही, पाहुण्यालाही, पेला आत बुडवू देऊ नका.