कोर्लईचे भूशिर आणि कोळी दर्यावर्दी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
महाराष्ट्राच्या सागरी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जलदुर्ग, आरमार व परकीय सत्ता यांभोवती केंद्रित झालेले आढळते. किनाऱ्यावरील मूळ दर्यावर्दी असलेल्या कोळी समाजाचा उल्लेख त्यात केवळ प्रसंगोपात्त येतो. रायगड जिल्ह्यातील कोर्लईच्या भूशिराच्या आधारे ही उणीव स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूशिर व सत्तांतरे
मुरूड तालुक्यातील कोर्लईचा डोंगर कुंडलिका खाडीच्या मुखाशी थेट अरबी समुद्रात शिरलेला आहे. खाडीपलीकडे रेवदंडा व प्राचीन चौल बंदर असून चौलचा व्यापार ग्रीक-रोमन लेखकांनाही परिचित होता. हे भूशिर ज्याच्या हाती, त्याच्याकडे खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांचे नियंत्रण, असे त्याचे लष्करी महत्त्व होते. पोर्तुगीजांनी इ.स. १५२१ मध्ये चौल येथे किल्ला उभारण्यास प्रारंभ केला आणि १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर जिंकून घेतला. १७४० च्या तहानंतर हा प्रदेश मराठ्यांकडे आला व १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. सत्ता बदलल्या, तटबंदीवरील निशाणे बदलली. समुद्रावरील मासेमारी मात्र चालूच राहिली.

नोंदींतील कोळी
कोळ्यांची नावे इतिहासात येतात ती बहुधा युद्धप्रसंगी. कोर्लईच्या दक्षिणेस असलेल्या जंजिऱ्याच्या तटास रात्री शिड्या लावण्याचे साहस सोनकोळी लाय पाटील यांनी शिवकाळात केले व महाराजांनी त्यांचा गौरव केला, असे परंपरा सांगते. परंतु असे साहस शक्य होण्यासाठी आवश्यक असलेले पाण्याचे दैनंदिन ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाही.

व्यवसायातील सागरज्ञान
या ज्ञानाचे उत्तम उदाहरण म्हणजे डोल मासेमारी. डोल हे निमुळत्या पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी पक्के बांधतात. मासळीचा पाठलाग न करता भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर ती आत येऊ दिली जाते. त्यामुळे प्रवाहाची दिशा, वेळ व जोर यांचे अचूक भान आवश्यक ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत तो मंदावतो. अशा रीतीने तिथी हीच कोळ्यांची समुद्रवही ठरते. नारळी पौर्णिमेस होणारे सागरपूजन हेही पावसाळ्यानंतर पुन्हा समुद्रात उतरण्याच्या काळाशी निगडित आहे.

सद्यःस्थिती व निष्कर्ष
कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांत टिकून राहिलेल्या पोर्तुगीज-मराठी मिश्रभाषेचा भाषाशास्त्रज्ञांनी सविस्तर अभ्यास केला आहे. तशीच आस्था कोळ्यांच्या नौका, जाळी, वारे व पाणी यांविषयीच्या शब्दसंपदेबाबत दाखविली जाणे आवश्यक आहे. यांत्रिक नौका व दिशादर्शक उपकरणांमुळे श्रम आणि धोका कमी झाला, हे निर्विवाद आहे. तथापि जे ज्ञान केवळ वापरातून पुढच्या पिढीकडे जात होते, ते वापर थांबताच लोप पावते. भग्न तटाची डागडुजी पुढेही करता येईल, परंतु वृद्ध तांडेलांच्या स्मरणातील हा ठेवा आताच नोंदवावा लागेल. तसे झाले तरच कोर्लईचा इतिहास किल्ल्यापुरता मर्यादित न राहता त्या भूशिराचा व तेथील माणसांचा होईल.